वन्सं आणि चार खांब

मिक्सर सुरू व्हायच्या आधी आमच्या वन्सं एक पेला मागायच्या. ज्या टाकीतल्या पाण्यानं सिमेंट कालवायचं, त्याच टाकीत तो पेला बुडवायच्या, उजेडात धरून बघायच्या, हुंगायच्या आणि सगळ्यांच्या देखत पिऊन टाकायच्या. मजूर एकमेकांना कोपरानं ढोसायचे. एखादा नवखा मिस्त्री म्हणायचाच, "अवो ताई, प्यायचं पाणी तिकडं माठात हाय." त्यावर वन्संचं उत्तर ठरलेलं असे, "मला पचलं तर सिमेंटला पचेल. आणि नाहीच पचलं, तर मी दोन दिवसांत उठून बसेन. खांब नाही बसणार उठून." मग रुमालानं तोंड पुसायच्या आणि हातानं खूण करायच्या, चालू द्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नाव इंदुमती. गाव त्यांना इंदूताई म्हणायचं, आमचे हे अक्का म्हणायचे आणि मी वन्सं. पिंपळवंडीच्या शिवारात आमची शेती, कांदा, टोमॅटो आणि थोडा ऊस. त्या घरातली ही मुलगी इंजिनिअर झाली आणि तीही घरं बांधणारी नव्हे, तर दुखणाईत बांधकामं बरी करणारी. पूल, पाण्याच्या टाक्या, कारखान्यांचे पाये, जिथं जिथं काँक्रीटला खार लागलाय, सळई गंजलीय, तिथं वन्सं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मंचरला एकटीचा फ्लॅट होता. दर रविवारी हायवेच्या ट्रक-टेम्पोंमधून स्कूटी काढत त्या आमच्याकडे यायच्या.

मी लग्न होऊन आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझा हात धरून मला घराच्या मागच्या बाजूला नेलं. मला वाटलं, आता नणंदबाई चार गोष्टी सुनावणार. तर त्यांनी मला न्हाणीची भिंत दाखवली. खालपासून कमरेइतका पांढरा लोणा फुटलेला, रंगाचे पापुद्रे सुटलेले. म्हणाल्या, "बघ. दर दिवाळीला हिला रंग देतात. ओल येते आतून आणि हे रंग देतात बाहेरून. ह्या घरातली माणसं पण अशीच आहेत, मंगल. मनात काय आहे ते बोलायची नाहीत. तू रंग देत बसू नकोस. वाटेल ते तोंडावर बोलत जा." सासरी आल्या आल्या असा परवाना कुणाला मिळाला असेल? मी तो आजवर वापरतेय, ह्यांना विचारा.

दिसायला वन्सं बारीक, काटकुळ्या. सुती सलवार-कमीज, पायात बूट, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. बोलणं मात्र घरंदाज बायकांसारखं, सगळे दाखले स्वयंपाकघरातले नाही तर न्हाणीघरातले. सळईवर काँक्रीटचा पुरेसा थर हवा, हे आमच्या मिस्त्रीला पुस्तकी भाषेत सांगून पटेना, तर म्हणाल्या, "मिस्त्री, सळईला अंगभर पदर द्या. जिथं पदर ढळला तिथं वारं-पाणी आत शिरणार, आणि तिथंच ती नासणार." मिस्त्री लाजला, पण विसरला नाही. पुढं आपल्या माणसांवर ओरडताना तोही "पदर सोड, पदर सोड जरा!" असंच म्हणायला लागला. रस्त्यानं जाणारे पावणे दचकून बघायचे.

एका रविवारी त्यांनी माझं इडलीपात्र पळवलं. सळई साच्याला टेकू नये म्हणून तिच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात. बाजारात मिळतात ते वन्संना ठिसूळ वाटले. झालं! माझ्या इडलीपात्राच्या एकेका वाटीत वाळू-सिमेंट भरलं, मधे तार खोचली, आणि ओसरीवर त्या "इडल्या" ओळीनं मांडून ठेवल्या. मी बाहेर येऊन बघते तर हे. म्हटलं, "वन्सं, आता आमी न्याहारीला काय खायचं?" त्या शांतपणे म्हणाल्या, "पोहे कर. पोह्यांना साचा लागत नाही." नवं इडलीपात्र त्यांनी पुढच्या रविवारी आणून दिलं, हे खरं, पण ते जुन्यापेक्षा लहान होतं, हेही खरं.

एकदा पूर्वेकडच्या एका गावात त्या मलाही घेऊन गेल्या होत्या. तिथली पाण्याची उंच टाकी तपासायची होती. टाकीच्या खाली खांबांच्या मधे कुणीतरी भिंती घालून छान खोली केलेली, आणि तिच्यात गावाच्या खताच्या गोण्या खांबांना टेकवून थप्पीनं रचलेल्या. पावसाळ्यात गोण्यांना पाझर फुटतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. वन्संनी एका खांबाच्या बुडाशी नुसतं बोट दाबलं, तर ओला खपला हातात आला. त्यांनी तो खपला तिथल्या म्हाताऱ्या पुढाऱ्याच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "बाबा, तुमी खत कुणाला घालताय? पिकाला का टाकीला?" म्हातारा हसला, म्हणाला, "टाकी वाढंल म्हणताय?" पण त्याच दुपारी त्यानं माणसं लावून सगळ्या गोण्या बाहेर काढायला लावल्या. परत येताना वन्सं स्कूटीवर मागं वळून मला म्हणाल्या, "आता ती टाकी पडणार नाही. आणि पडली नाही म्हणून माझी आठवणही कुणाला येणार नाही. आपला धंदाच असला." त्यात तक्रार नव्हती. नंतर फाट्यावर आम्ही भेळ खाल्ली.

मग आम्ही मळ्यात नवं घर बांधायला काढलं. जुनं घर ओलीनं पोखरलं होतं, मुलं मोठी झाली होती. वरच्या मजल्यावर पूर्वेला एक खोली ठरली, ती वन्संची. नोकरी संपली की त्यांनी मंचर सोडून तिथं राहायचं, हे ह्यांनीच बोलून दाखवलं होतं. सासरे गेल्यावर वन्संनी जमिनीवरचा आपला वाटा सोडल्याची सही कुणी मागितली नसताना करून दिली होती. त्याचं ह्यांच्या मनात कुठंतरी होतं. वन्संना त्या खोलीचा केवढा आनंद झाला होता! नकाशा हातात घेऊन त्या मला पुन्हा पुन्हा विचारायच्या, "खिडकीतून डोंगर दिसेल ना गं?" एवढी मोठी बाई, पण म्हातारपणी आपलं म्हणायला एक दार मिळणार, म्हणून मुलीसारखी हरखली होती. मला ते बघून गलबलून यायचं.

पाया झाला, खांबांच्या सळया उभ्या राहिल्या. खांब भरायच्या दिवशी वन्संनी सकाळीच यायचं ठरलं होतं. पण मंचरला कांद्याच्या गाड्यांनी रस्ता तुंबला आणि त्या अडकल्या. इकडं मिक्सर येऊन उभा, माणसं येऊन बसलेली. त्यात शेतीची थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणजे दिवसा विहिरीची मोटर बंद. टाकीतलं पाणी अर्ध्यातच संपलं. मिस्त्रीनं ह्यांना विचारलं, हे बांधावरून ओरडले, "ती निळी पिंपं हायेत की भरलेली, घ्या त्यातलं." ती पिंपं ठिबकची. त्यांत आम्ही खत विरघळवून ठिबकच्या नळ्यांतून पिकाला सोडतो. एखाद-दुसरं भरण्याआधी विसळलेलं होतं, बाकीची तळाच्या खतावरच भरलेली, ती सगळी उपसली.

वन्सं पोचल्या तेव्हा पूर्वेच्या ओळीचे चार खांब भरून झाले होते. स्कूटी लावली, हेल्मेट काढलं आणि तिथंच थबकल्या. हवेत एक उग्र दर्प होता, शेळ्यांच्या वाड्यात सकाळी शिरलं की येतो तसा. आमचे डोळे तासाभरापासून चुरचुरत होते, पण आम्हाला वाटलं सिमेंटच नवीन असेल.

"मिस्त्री, पाणी कुठलं घेतलं?"

"पाणीच घेतलं ताई. टाकी आटली व्हती, लाईट न्हाई, म्हून त्या निळ्या पिंपातलं घेतलं."

"पिंपात काय होतं?"

"पाणीच व्हतं की. तळाला जरा पांढरं बसल्यालं."

वन्संनी पिंपात वाकून बघितलं. मग ह्यांना हाक मारली आणि विचारलं, शेवटचं काय सोडलं होतं. हे म्हणाले, "अमोनियम सल्फेट, आन् पांढरं पोटॅश." वन्सं पिंपापासून सरळ झाल्या. मग म्हणाल्या, "दत्ता, हे चार खांब आजच पाड. अजून ओले आहेत, तासाभरात पडतील."

हे आधी हसले. "अगं अक्का, खत हाय ते, इख न्हाई. पिकाला चालतंय, मंग खांबाला का नाय चालायचं?"

"पिकाला वाढायचंय, दत्ता. खांबाला नुसतं उभं राहायचंय."

त्यांनी समजावून सांगितलं, अगदी सावकाश. दर्प येतोय तो खताचा आणि सिमेंटचा संबंध आल्यामुळं येतोय. तो उद्या उडून जाईल, त्याचं एवढं नाही. पण पोटॅशबरोबर जे मीठ गेलंय ते आतच राहणार. ते ओल धरणार, सळईला हळूहळू गंज चढवणार. गंजलेली सळई फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. हे दिसायला दहा वर्षं लागतील, पंधरा लागतील. तोवर खांब वरून नव्या नवरीसारखे दिसतील. मिस्त्री म्हणाला, एक तुकडा तपासायला धाडू, कळंल. वन्संनी मान हलवली. "शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एका हंड्यातला असला तर. इथं एका पिंपात खत जास्त, एकात कमी, एक धुतलेलं. कुठलं घमेलं कुठल्या खांबात गेलं, सांगता येईल तुमाला?" 

मला कळत होतं, ह्यांचं मन खांबांपाशी नव्हतं. सगळी माणसं बघत होती, शेजारचे बांधावर येऊन उभे होते, आणि पिंपं घ्या असं ओरडलेले हेच होते. माणूस चुकला की आवाज चढवतो. हे चढवून म्हणाले, "घर माझं हाय. तू सही करून मोकळी झालीस. आता तुझा काय हक्क हाय हितं बोलायचा?"

 मिक्सर रिकामाच फिरत होता. वन्संनी हेल्मेट घातलं, पट्टा लावला. मी मागं धावले. मला म्हणाल्या, "खांबांवर पाणी मारत राहा, मंगल. गोणपाट सुकू देऊ नकोस." आणि गेल्या. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही आला. स्कूटी काही आली नाही.

साचे काढले तर खांब काय सुंदर निघाले होते! गुळगुळीत, सरळ, कोपरे सुरीनं कापल्यासारखे. हे येता-जाता त्यांच्यावरून हात फिरवायचे आणि मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "वज्र हाय वज्र." दिवाळीनंतर स्लॅबची तारीख धरली. स्लॅबच्या दिवशी घरमालकानं सगळ्या माणसांना पोटभर जेवू घालायचं, हा आमच्याकडचा रिवाज. त्या जेवणाशिवाय कुणी स्लॅब टाकत नाही, टाकला तर गाव नाव ठेवतं. मी ह्यांना सांगितलं, "ज्या दिवशी वन्सं ह्या घरात येतील, त्या दिवशी मी स्लॅबचा स्वयंपाक करीन. तोवर ढाब्यावरून मागवा." हे म्हणाले, "तुला खांबातलं काय कळतं?" म्हटलं, "खांबातलं नाही कळत. तुमी काय बोललात ते कळतं." चार दिवस घरात ताटं आपटली. मी माघार घेतली नाही.

भाऊबीज आली. हे सकाळीच अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ओसरीवर बसले. दरवर्षी वन्सं अकराच्या आत यायच्या. अकरा वाजले, जेवणाची वेळ टळली. म्हटलं, "तुमीच जा ना मंचरला." तर म्हणाले, "ती थोरली हाय, तिनं यावं." दुपारभर रस्त्याकडं डोळे. गाडीचा आवाज आला की उठायचे, पाणी प्यायचं निमित्त करून परत बसायचे. संध्याकाळी टोपी काढून खुंटीला लावली. जेवले नाहीत. मला त्यांचा राग होता, पण त्या रिकाम्या कपाळाकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मळ्यातून ठोके ऐकू आले. जाऊन बघते, तर हे एकटेच घण घेऊन खांब फोडत होते.  मी फोन लावला, "वन्सं, या." एवढंच बोलले. त्यांनी मागचा आवाज ऐकला असावा, कारण का म्हणून विचारलं नाही.

त्या आल्या तोवर मिस्त्रीही येऊन हातभार लावत होता. एक खांब पडला होता, दुसरा अर्धा. वन्सं खाली बसल्या, तुकडे उचलून, फिरवून बघितले. खडी-वाळू एकजीव, कुठं पोकळी नाही, कुठं भेग नाही. म्हणाल्या, "मिस्त्री, काम फार छान भरलं होतं तुमी. इतके दाट खांब मी कमी बघितलेत." मिस्त्रीचा चेहरा रडवेला झाला. "मंग ताई, खराब कुठं हाय? मला तर कायच दिसंना."

"मला पण दिसत नाही," वन्सं म्हणाल्या. "दिसायला लागलं असतं तेव्हा फार उशीर झाला असता. कदाचित कधी दिसलंही नसतं. मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत."

हे घण टेकवून ऐकत होते. केसांवर, भुवयांवर सगळी पांढरी धूळ. मला वाटलं, आता परत भडकणार. फोडून झाल्यावर कुणी असं सांगतं का? पण त्यांनी हातावर पाणी घेतलं आणि पुन्हा घण उचलला. तेव्हा वन्संनी त्यांना थांबवलं. स्कूटीच्या डिकीतून ताम्हण काढलं, निरांजन, सुपारी, कुंकवाची डबी. आदल्या दिवशी त्या आमच्या फाट्यापर्यंत येऊन मागं फिरल्या होत्या, हे मला त्यांनी पुष्कळ नंतर सांगितलं. त्या राडारोड्यात एका उलट्या घमेल्यावर भावाला बसवून त्यांनी ओवाळलं. धुळीवर कुंकू बसेना, तर ओल्या बोटानं कपाळ पुसून पुन्हा लावलं. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते. मी मात्र पदर तोंडाला लावून तिथंच भरपूर रडून घेतलं, आपण कशाला लपवायचं!

त्यानंतर वन्संनी दोन दिवस बसून सळया तारेच्या ब्रशानं घासून, धुऊन घेतल्या, नवे खांब स्वतः उभं राहून भरले. स्लॅबला मी पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक केला. पुढं नोकरी संपल्यावर वन्सं खरंच वरच्या खोलीत राहायला आल्या. खिडकीतून डोंगर दिसतो, पण त्याच्या आधी शेजाऱ्यांचं पोल्ट्रीचं शेड दिसतं, यावरून त्या मला रोज बोलायच्या. संध्याकाळी गावातलं कुणी ना कुणी घराचा नकाशा घेऊन यायचं. त्या चहा पाजायच्या, आधी चुका काढायच्या आणि मग काम करून द्यायच्या. गेल्या माघात त्याच खोलीत, झोपेतच गेल्या. सकाळी चहा घेऊन मी वर गेले होते.

दशक्रियेला नदीवर ही गर्दी लोटली. आमच्या भागात दहाव्याला माईक लागतो, प्रवचन होतं, मग पुढारी श्रद्धांजली वाहतात. एकानं वन्संना बांधकाम क्षेत्रातला ध्रुवतारा केलं. दुसऱ्यानं, त्यांना एकदाही भेटला नसताना, त्यांच्या मायेच्या चार आठवणी सांगितल्या. शेवटी एका नातेवाइकानं खांबांची हकीकत रंगवून सांगितली, की इंदूताईंनी नुसत्या वासावरून खांब सडके ओळखले आणि फोडल्यावर आतून कसा भुगा निघाला. लोक माना डोलवायला लागले. मग कुणीतरी माईक ह्यांच्यापुढं धरला, भावानं दोन शब्द बोलावेत म्हणून. हे कधी माईकवर बोललेले नाहीत. मुंडण केलेलं, अंगावर उपरणं, तसेच उभे राहिले. मला वाटलं, रडतील आणि बसतील.

"भुगा बिगा काय निघाला न्हाई," हे म्हणाले. "खांब चांगलेच व्हते. निदान मला तरी चांगलेच दिसले. ते खरंच खराब व्हते का, ते मला आजबी ठावं न्हाई. आन् आता कुणाला कळायचंबी न्हाई." मग उपरणं सावरलं. "अक्का म्हणली फोड. म्हून फोडले."

आणि माईक परत देऊन खाली बसले.